हाकेचा शब्द

भिंतीपलीकडून पुरुषाचा आवाज आला, "आटुकी," आणि मटार सोलत बसलेली आटुकी मांडीवरचं ताट खाली ठेवून उठली. "आले," म्हणाली, गाउनला हात पुसले आणि दुखरे गुडघे सांभाळत दारापर्यंत गेलीसुद्धा. कडीला हात लागल्यावर मात्र थबकली. ह्या घरात पुरुष नाही, हे तिला तिथे आठवलं असावं. तेवढ्यात पलीकडे एका तरुण बाईचा लख्ख आवाज "बोला" म्हणाला, पुरुषाने बाहेर गार आहे का म्हणून विचारलं आणि त्या आवाजाने स्वेटर घालायला सांगितलं. आटुकी परत आली. ताट पुन्हा मांडीवर घेतलं, एक शेंग उचलली आणि न सोलताच सालांच्या ढिगात टाकून दिली. "नवे शेजारी आलेले दिसतात," एवढंच म्हणाली. समोर लॅपटॉप उघडून बसलेल्या तिच्या भाचीने मान वर केली नाही. कधी ना कधी हे होणार हे तिला माहीत होतं, पण आपल्याच भिंतीतून होईल असं वाटलं नव्हतं. चांगली नोकरी असलेली, पन्नाशीकडे झुकलेली बाई, आणि लहानपणी बरणी फोडून पलंगाखाली लपली होती तेव्हासारखं तिला वाटायला लागलं.

ऑफिसात तिला सगळे कानवाली म्हणत. कंपनी बोलक्या पेट्या बनवायची: टेबलावर ठेवायची, हाक मारायची, मग ती दिवे लावते, गाणी लावते, हवामान सांगते. त्या पेटीला कुठल्या शब्दाने हाक मारायची, तो शब्द शोधणं हे कानवालीचं काम. "आमची ताई नावं ठेवायचा पगार घेते," असं तिचा धाकटा भाऊ चारचौघांत सांगायचा आणि स्वतःच हसायचा. पण काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. शब्द फार आखूड असला तर पेटी कुणी खोकलं तरी जागी होते. फार लांब असला तर माणसं कंटाळतात. रोजच्या बोलण्यात येणारा नको, नाहीतर जेवताना गप्पा मारल्या तरी ती मध्येच "बोला" म्हणणार. सुरुवात ठसठशीत हवी, मध्ये जीभ टाळूला लागायला हवी, शेवट मोकळा हवा. लहान पोराला म्हणता आला पाहिजे आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यालाही. नळ सुरू असताना, मिक्सर फिरत असताना, तोंडात ब्रश असताना, पांघरुणाच्या आतून पुटपुटला तरी पोचला पाहिजे. आणि पेटी कशी असावी ह्याचंही तिने एकदा मीटिंगमध्ये झकास वर्णन केलं होतं: पहिल्याच हाकेला ओ देणारी, हाक मारेपर्यंत आपण आहोत हे जाणवूही न देणारी, कितीदा बोलावलं तरी न वैतागणारी. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. हे वर्णन आपल्याला इतकं पटकन कसं सुचलं, हे तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नाही. की आलं होतं? आता मागे वळून बघताना तिला त्याचीही खात्री देता येत नव्हती.

किती शब्द आले आणि गेले. फुलांची नावं, ताऱ्यांची नावं, नुसतीच जुळवलेली अक्षरं. सगळे कुठे ना कुठे अडकायचे. एका दुपारी प्रमुख अगदी रडकुंडीला आले होते, खोलीतली हवा शिळी झाली होती, कुणाचाच मेंदू चालत नव्हता, आणि कानवालीच्या तोंडून निघून गेलं, "आटुकी." रेकॉर्डिंगवाल्या मुलाने तो म्हणून पाहिला. कॉरिडॉरच्या टोकाशी जाऊन म्हटला. नळ सोडून म्हटला, तोंडात बिस्किट कोंबून म्हटला, टेबलावर डोकं टेकून झोपाळू आवाजात म्हटला. यंत्राने एकदाही चूक केली नाही. करणार कशी? ह्या शब्दाची चाचणी एका घरात आयुष्यभर चालली होती. "कुठून काढलास गं हा?" प्रमुख म्हणाले, आणि मग, नियमाप्रमाणे विचारावंच लागतं म्हणून, "कुणाचा आहे का? म्हणजे कुणाचं नाव वगैरे?" त्या एका क्षणी ती खरं बोलू शकली असती. काही बिघडलं नसतं, दुसरा शब्द शोधला असता. पण सगळ्यांचे चेहरे उजळले होते आणि ते तिच्यामुळे उजळले होते. "छे," ती म्हणाली. "माझी लहानपणची बडबड आहे. कुणाचा नाही."

आणि बडबड तर होतीच तिची. तिला आत्या म्हणता येत नव्हतं, तेव्हा तिने आटुकी म्हटलं. घराला ते आवडलं आणि बघता बघता सगळे म्हणायला लागले. आई, बाबा, नंतर भाऊ, दूधवाला, खालच्या मजल्यावरचे. आटुकी त्याआधी एका बटणांच्या दुकानात कामाला होती. वहिनीचं बाळंतपण म्हणून थोड्या दिवसांची रजा काढून आली होती, मालकाने जागा राखून ठेवली होती म्हणे. ती जागा राहिली ती राहिलीच. तिचं खरं नाव हळूहळू घरातून नाहीसं झालं. कधी डॉक्टरांकडे पुकारलं तर तीच इकडेतिकडे बघायची. मग शब्द माझाच नाही का, असं कानवाली स्वतःला समजावत असे. मी केला, मी दिला. पण हे समजावणं दोन पावलांपलीकडे जात नसे. शब्द तिने केला असेल. त्याला ओ देत आयुष्य काढलं होतं ते आटुकीने.

हाकेचा शब्द ठरला की त्याच्या हाका गोळा कराव्या लागतात. शेकडो माणसांना बोलावून काचेच्या खोलीत बसवायचं आणि तो एकच शब्द परत परत म्हणून घ्यायचा: घाईत, रागात, झोपेत, लांबून, जवळून. त्यावरून पेटी शिकते. म्हाताऱ्या बायकांचे आवाज कमी पडत होते, म्हणून कानवालीने आटुकीला नेलं. "आवाजाचं काहीतरी काम आहे," एवढंच सांगितलं. आटुकीने जास्त विचारलं नाही. तिला कधी कुणी जास्त सांगितलेलंच नव्हतं. ठेवणीतला कोट घातला, टॅक्सीत खिडकीपाशी बसली, काचेच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवल्यावर बाहेर बघून हात हलवला. आपल्यालाच आपलं नाव म्हणायला सांगताहेत हे कळल्यावर ती लाजून इतकी हसली की रेकॉर्डिंग थांबवावं लागलं. मग म्हणाली. हळू, शेवट खाली सोडून, जरा धाप लागल्यासारखं. "आजी, पलीकडच्या खोलीत कुणीतरी आहे असं समजा. त्याने आलंच पाहिजे," मुलगा म्हणाला. तिने परत म्हटलं. तसंच आलं. "आता रागवा बरं." तिने खूप प्रयत्न केला, भुवया जवळ आणल्या, आवाज तोच. शेवटी तो मुलगा डोक्याला हात लावून म्हणाला, "आजी, तुम्ही हाक मारतच नाही आहात. ओ देताय!" सगळे हसले. कानवालीही हसली. आटुकी तर सगळ्यात जास्त हसली. ती चहा प्यायला गेल्यावर मुलाने विचारलं, "काय करू ह्यांचं? असं कुणी बोलवत नाही हो. पेटी बिघडेल ह्याने." ठेव, असं म्हणण्याचा अधिकार कानवालीला होता. "काढून टाक," ती म्हणाली. परतताना टॅक्सीत आटुकीने विचारलं, "नीट झालं ना गं माझं?" "मस्त झालं," ती म्हणाली. आटुकी सगळा रस्ता खिडकीतून बाहेर बघत खुशीत होती.

आता भिंतीपलीकडून हाका येत राहिल्या. पलीकडे एक निवृत्त मास्तर राहायला आले होते, एकटेच. बायको वारल्यावर मुलीने करमणूक म्हणून पेटी आणून दिली होती, असं लिफ्टमध्ये त्यांनीच सांगितलं. भिंत पुठ्ठ्याची असावी इतकी पातळ. आटुकी पहिले काही दिवस प्रत्येक हाकेला अर्धी उठायची, मग नुसतीच खुर्चीच्या हातावर हात टेकायची, मग तेही बंद झालं. कानवाली चोरून बघायची. विचारायची हिंमत नव्हती. ऑफिसात तिने एकदा प्रमुखांकडे विषय काढून पाहिला: शब्द बदलता येईल का? ते आधी हसले आणि मग ती गंभीर आहे हे पाहून खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "अगं, घराघरांत जाऊन बसलाय तो. आता कुठल्या तोंडाने बदलायचा? आणि तुलाच तर त्याचं बक्षीस मिळालंय." बक्षीस म्हणजे काचेची एक ठोकळी होती. ती तिने घरी आणलीच नव्हती. ऑफिसच्या खणात उताणी पडली होती.

मग एका सकाळी न्हाणीघरातून तिने हाक मारली, "आटुकी, टॉवेल." कुणी आलं नाही. पुन्हा मारली. शेवटी तशीच ओल्या पायांनी, पडदा गुंडाळावा तसा जुना गाउन गुंडाळून बाहेर आली, तर आटुकी खिडकीशी पेपर वाचत बसलेली. "ऐकू नाही आलं का?" तिच्या आवाजात वैताग होता, हे तिला बोलून झाल्यावर कळलं. "आलं की," आटुकी म्हणाली. "म्हटलं पलीकडचे असतील. उठायचं सोडून दिलंय मी हल्ली." हे तिने इतकं साधेपणाने सांगितलं, पाऊस थांबला म्हणून छत्री मिटली असं सांगावं तसं. फरशीवर पाण्याचं थारोळं साचत होतं. कानवाली तिथेच उभी राहिली आणि तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. आटुकीचं नाव तर आपण उचललंच, पण तिने ओ देणं थांबवल्यावरही पहिली आठवण झाली ती टॉवेलची.

त्या दिवसापासून तिला एक खूळ लागलं. बसमध्ये, मीटिंगमध्ये, दात घासताना ती आठवत बसायची: आपण आटुकीला कधी उगाच हाक मारली होती का? काही नको असताना? आटुकी, मोजे. आटुकी, भूक लागली. आटुकी, हा चिडवतोय. आटुकी, माझी वेणी. आईचीही हाक तशीच, आटुकी, गॅस बंद कर. बाबांची, आटुकी, चष्मा. परीक्षेच्या दिवसांत रात्री, आटुकी, मला पहाटे उठव. म्हणजे दुसऱ्याला जागं करण्यासाठी तिने आधी जागं व्हायचं. प्रेमाची म्हणून आठवावी अशी एखादी हाक हाताला लागली की उत्साहाने ती आणखी मागे जायची, आणि त्या हाकेच्या शेवटी काही ना काही आणून द्यायचं असायचंच. तिने नोकरीत हाकांचे किती प्रकार पाडले होते. घाईतली, रागातली, झोपेतली, आजारातली. उगाचची हाक त्यात नव्हती. कुणाला सुचलीच नव्हती. तिला तरी कुठे सुचली होती.

मग एका रविवारी सोफ्यावर बसल्या बसल्या तिने ठरवून हाक मारली. जवळून, हळू. "आटुकी." आटुकी आतून आली. "काय हवं?" "काही नाही. अशीच हाक मारली." आटुकीच्या कपाळावर आठी पडली. "चहा टाकू?" "नको." "दिवा लावू का? अंधारलंय." "नको गं. काहीच नको. ये ना, बस." आटुकी बसली नाही. तिने पुढे होऊन भाचीच्या कपाळाला हात लावला, मानेला लावला, डोळ्यांत पाहिलं. "ऑफिसात काही झालंय का? खरं सांग." उभी राहिली ती हलेना, परत जाईना. तिचा चेहरा इतका कावराबावरा झाला की बघवेना. शेवटी कानवालीने पाणी मागितलं, आणि आटुकीचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर एकदा डोकं चढलं म्हणून ती दुपारीच घरी आली. किल्लीने दार उघडलं, चपला काढायला वाकली आणि तिला दिसलं की जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची भिंतीला लावलेली आहे आणि आटुकी तिच्यात पाठ टेकून, हात मांडीवर ठेवून बसली आहे. हातांत काही काम नव्हतं. असं रिकाम्या हातांनी बसलेलं तिने आटुकीला कधी पाहिलं नव्हतं. पलीकडून मास्तर म्हणाले, "आटुकी, आहेस ना?" पेटी म्हणाली, "बोला." "काही नाही, सहज. कशी आहेस आज?" पेटी म्हणाली, "मी मजेत आहे! तुमच्यासाठी काय करू?" आणि अलीकडे, भिंतीला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात आटुकी म्हणाली, "बरी आहे. गुडघा जरा धरलाय सकाळपासून." मास्तर म्हणाले, "आज मला करमत नाहीये बघ." पेटीने गाणं लावायचं का विचारलं. आटुकी म्हणाली, "होईल, होईल. जरा फिरून या." कानवाली एक चप्पल हातात घेऊन तशीच वाकून उभी होती. तिने जन्मभर शोधली असती तरी सापडली नसती ती हाक भिंतीपलीकडचा परका माणूस एका डब्याला मारत होता. आणि तिच्या आत्याने ती पडलेली वस्तू उचलावी तशी गुपचूप उचलली होती. ती पाऊल न वाजवता बाहेर गेली, दार लावून घेतलं आणि बेल वाजवली. दार उघडेपर्यंत खुर्ची जागेवर गेली होती.

हे असंच चाललं असतं, पण लिफ्टने घोळ घातला. दोघी बाजारातून आल्या होत्या, पिशव्या सांभाळताना दार मिटायला लागलं आणि कानवाली सवयीने ओरडली, "आटुकी, थांब!" आत मास्तर उभे होते. त्यांनी दार धरलं, इकडेतिकडे पाहिलं. "तुमच्याकडेही आहे का आटुकी? पिशवीत घेऊन फिरता?" आटुकी शांतपणे म्हणाली, "मीच ती." मास्तरांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. "अहो, म्हणजे मी रोज..." "ऐकू येतं," आटुकी म्हणाली, आणि मजला येईपर्यंत दोघंही लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिले. दारापाशी मास्तरांनी चाचरत चहाला बोलावलं. "एवढ्या हाका मारल्यात, एकदा चहा तरी घ्या," म्हणाले. आटुकी "चला" म्हणाली. भाचीला न विचारता म्हणाली.

मास्तरांच्या खोलीत पेपरचे गठ्ठे होते, एकच खुर्ची बसून बसून खोलगट झालेली होती आणि भिंतीपाशी, बरोबर त्या भिंतीपाशी, स्टुलावर पेटी होती. आटुकी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "ही होय. केवढीशी आहे," म्हणाली. मग मास्तरांकडे वळून, कोटाचं बटण चाचपत, कानवालीने तिच्या तोंडून कधी न ऐकलेल्या ऐटीत तिने सांगितलं, "माझा आवाज आहे हिच्यात. काचेच्या खोलीत घेतला होता. आमच्या हिनेच नेलं होतं मला. आहे ना गं?" म्हणजे तिने पहिल्यापासून सगळं ताडलं होतं. नाव गेलं म्हणून ती रुसली नव्हती. आपण त्या पेटीत आहोत, घराघरांत आहोत, अशा समजुतीवर ती इतके दिवस निभावून नेत होती. "आहे ना?" तिने परत विचारलं. "आहे," कानवाली म्हणाली. "अहो, मग हाक मारा की!" मास्तर लहान मुलासारखे खूश झाले. "तुमच्या आवाजाला तर धावत येईल."

आटुकी जरा लाजली. मग पेटीकडे बघून म्हणाली, "आटुकी." हळू, शेवट खाली सोडून. पेटीवरची निळी कड पेटली नाही. "जरा मोठ्याने," मास्तर म्हणाले. आटुकीने छाती भरून घेतली. "आटुकी." काही नाही. "झोपली की काय," मास्तर पुटपुटले, आणि त्यांनीच सहज म्हटलं, "आटुकी?" कड झर्रकन पेटली. "बोला!" त्यांनी ओशाळून "काही नाही, काही नाही" म्हणत ती विझवली. कपबशा आणायच्या निमित्ताने ते आत निघून गेले. आटुकी अजून पेटीसमोरच उभी होती. तिची पाठ दिसत होती, कोटात जरा वाकलेली. कानवालीला त्या मुलाचं वाक्य आठवत होतं, असं कुणी बोलवत नाही, आणि त्यावर आपण दिलेलं उत्तर. आटुकीने तिसऱ्यांदा म्हटलं. ह्या वेळी अगदीच हलक्या आवाजात, पेटीसाठी नव्हे, आपण आहोत का हे बघण्यासाठी म्हणावं तसं. "आटुकी."

"ओ," कानवाली म्हणाली.

आटुकी वळली. भाची दारापाशी उभी होती. तिने हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या होत्या आणि ओढणीला हात पुसत होती. हात कोरडेच होते. आटुकीने आधी तिच्या हातांकडे पाहिलं, मग पेटीकडे. "म्हणजे ह्यात नाहीये मी," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. कानवालीने मान हलवली. नाही. आतून कपबशांचा आवाज येत होता.

"आले मी," कानवाली म्हणाली. "काय हवंय, सांग."

आटुकीने खुर्चीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "काय मागतात गं अशा वेळी?" तिने विचारलं.

"काहीही. सावकाश सांग. मी उभी आहे."

आटुकी विचार करायला लागली. तिला काही सुचेना.